मालदीवच्या रिसॉर्टमध्ये मेंटेनन्सची नोकरी, मदत हवी आहे

भाऊ लोकहो, प्रश्न धाकट्या भावाचा आहे. आयटीआय झाल्यावर सहा वर्षं नागपुरात वर्धा रोडच्या हॉटेलात एसीचं काम करतोय. मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, गच्चीवर कंडेन्सर धुणारा पोरगा! आता मालदीवला जायचं म्हणतो. सीताबर्डीतला एजंट ८५ हजार मागतोय, तेही रोख, पावती नाही. नोंदणीकृत एजंटला ३० हजार अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं ना? ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीच्या सरकारी पोर्टलवर, त्याचं नाव दिसत नाही. मला तर इथेच वास येतोय, पण आई दागिने मोडायला निघाली.

तिथे बेटावर वीज स्वतःच्या जनरेटरची, पाणी समुद्राचं आरओ करून. एसीवाल्याला हेही बघावं लागतं का? करारात जेवण-राहणं, परतीचं तिकीट कसं लिहून घ्यावं? कोणी राहून आलं असेल तर सांगा, सोमवारी पैसे द्यायचे आहेत.