गवत कापण्याच्या यंत्राने कोवळ्या तामणाची साल निघाली आहे, मदत हवी आहे

पुण्यातील आमच्या सोसायटीच्या आवारात 2022 च्या पावसाळ्यात, राज्यफुलाचे झाड म्हणून मोठ्या हौसेने, एक तामण लावले होते. यंदाच्या मे महिन्यात त्याला पहिल्यांदाच जांभळे तुरे आले. गेल्या शनिवारी गवत कापणाऱ्या यंत्राची नायलॉनची दोरी खोडाला घासली आणि जमिनीपासून चार बोटांवर साल सोलून निघाली. (दोष एकट्या कापणाऱ्याचा नाही, गवत खोडाला भिडेपर्यंत वाढू दिले ते आम्हीच.)

शिवणकामाच्या टेपने मोजले तेव्हा खोडाचा घेर 24 सेंटिमीटर भरला. त्यातील 9 सेंटिमीटर रुंदीची आणि वीतभर उंचीची साल पूर्ण गेली आहे. उघडे लाकूड त्या दिवशी पांढरट होते व बोटाला बुळबुळीत लागत होते. आता ते तपकिरी पडले आहे. पाने अजून हिरवीगार आहेत, पण त्यावर माझा विश्वास बसत नाही, कारण पाणी लाकडातून वर चढते आणि पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरते, त्यामुळे मुळांची उपासमार सुरू झाली तरी शेंड्यावर ती दिसायला कित्येक महिने जाऊ शकतात.

सल्ल्यांना तोटा नाही. कोणी डांबर फासा म्हणतात, कोणी शेणमातीचा लेप सुचवतात, तर माळीकाकांचा भर बोर्डो पेस्टवर आहे. पाऊस चालू असताना यांपैकी नेमके काय करावे, आणि भार कमी करण्यासाठी फांद्या छाटाव्यात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
घेराची निम्म्याहून अधिक साल शाबूत असल्यास झाड सहसा तगते. डांबर लावू नका आणि प्लास्टिकही गुंडाळू नका, कारण आत ओल कोंडून लाकूड कुजते. धारदार चाकूने फक्त सुटलेल्या चिंध्या काढा. लाकूड खरवडू नका. बोर्डो पेस्टसाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी हे प्रमाण आहे. तुम्हाला त्याचा शंभरावा हिस्साही पुरेल. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा, व त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. पाऊस उघडलेला दिवस पाहून लेप द्या. त्याने बुरशी रोखली जाते, जखम भरत नाही. ती कडांनी नवी साल चढूनच झाकली जाते आणि त्याला दोन-तीन वर्षेही लागू शकतात. ती साल पानांच्या अन्नावरच वाढते, म्हणून छाटणी मुळीच नको.

मूळ प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आज कडेची साल नखाने किंचित कोरून पाहिली. उजवीकडे ती खालून ओलसर हिरवी आहे, मात्र डावीकडची सुमारे 2 सेंटिमीटर साल टिचकी मारल्यावर पोकळ वाजते. तीही काढल्यास शाबूत साल 13 सेंटिमीटरच उरेल. काढावी का?

प्रतिसाद २
काढा. ती मेलेलीच आहे आणि तिच्यामागे मुंग्या व खोडकिडा दडतात. शिवाय खोडाभोवती दोन फुटांचे आळे करून त्यातील गवत यापुढे हातानेच उपटा.