मदत हवी आहे: घरची आणि धंद्याची गाडी एकच, खर्च किती वजा करता येतो?

नमस्कार मंडळी,

माझा वायरिंग-फिटिंगच्या कंत्राटांचा व्यवसाय आहे, प्रोप्रायटरशिप. साइटवर जायला जी कार लागते तीच सुट्टीच्या दिवशी घरच्यांसाठी निघते. कार माझ्या नावावर, कर्जावर घेतलेली. आजवर प्रिझम्प्टिव्ह स्कीमखाली (उलाढालीचा ठरावीक टक्का हाच नफा धरून) रिटर्न भरलं, त्यामुळे वेगळा खर्च दाखवायचा प्रश्नच नव्हता. आता रीतसर वह्या ठेवतोय.

पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, कर्जावरचं व्याज हे सगळं धंद्यासाठी जेवढा वापर तेवढंच वजा होतं, इथपर्यंत समजलं. अडलंय ते प्रमाणावर. ओळखीतले एकजण म्हणतात, वीस टक्के खासगी दाखवा आणि मोकळे व्हा. मला हे पटत नाही. ऐन हंगामात गाडी रोज साइटवर असते, पावसाळ्यात कामं थंडावली की दारातच उभी. मी डायरीत तारीख, साइटचं नाव, निघतानाचं आणि परतल्यावरचं मीटर रीडिंग लिहितो. तेवढं पुरेल का? आणि मागच्या वर्षांचा घसारा (गाडीच्या किमतीतली दरवर्षीची घट, जी खर्च म्हणून वजा होते) घेतलाच नाही, तो आता मिळेल का? कोणी स्वतः यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

डायरी अजिबात सोडू नका. कायद्यात ठरावीक टक्का नाही. अधिकारी परिस्थिती बघून योग्य तेवढा भाग मान्य करतो आणि नोंद नसेल तर अंदाजाने कापतो. डायरीतली साइट आणि त्या काळातलं तुमचं बिल जुळलं पाहिजे, खरी ताकद त्यात आहे.

मागचा घसारा मिळणार नाही. स्कीममधल्या वर्षांत तो घेतला असंच धरतात. आज डब्ल्यूडीव्ही (घसारा वजा जाता उरलेली किंमत) ७,६५,००० असेल, तर १५ टक्क्यांनी यंदाचा घसारा १,१४,७५०. धंद्याचा वापर ७० टक्के असेल तर ८०,३२५ वजा. हप्त्यातलं मुद्दल खर्चात येत नाही. गॅरेजचं बिल एका दिवसात १०,००० च्या वर रोखीने देऊ नका, तो खर्च पूर्ण नाकारला जातो.

सगळ्यात महत्त्वाचं: स्कीमच्या दरापेक्षा कमी नफा दाखवून बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ऑडिटही लागतं. गाडीच्या खर्चाने वाचणारा कर आणि ऑडिटची फी समोरासमोर मांडून सीएकडून तपासून घ्या, मगच ठरवा.