बीएमआय २२.५, पुढे हिरवं 'नॉर्मल', आणि शुगर काठावर. हे कसं काय?

काठावरचा_माणूस:
नमस्कार मंडळी. वय ३८, उंची १६६ सेमी, वजन ६२. ऑफिसच्या चेकअपमधे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.५ आला, पुढे हिरव्या रंगात 'नॉर्मल', आणि त्याच पानावर खाली एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१, लाल. डॉक्टर दोन मिनिटं बोलले, म्हणे वजन तर बरोबर आहे, गोड कमी करा, चला पुढचा पेशंट. आई म्हणते एवढ्या काटकुळ्या पोराला कसली आलीय शुगर, बायको म्हणते मशीन चुकलं असेल. ऑफिसात मला सुकडा म्हणतात हो! हिरवं खरं मानू की लाल?

भरली_वांगी:
लाल. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी, त्यात बारीक-जाड काही नसतं.
आणि ते हिरवं कुठून आलं ते पण बघ. बीएमआयचं सूत्र केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं, १९व्या शतकातलं, तो डॉक्टर नव्हताच, त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं. '२५ च्या आत नॉर्मल' ही रेघ तर मुख्यतः गोऱ्या लोकांच्या आकड्यांवरून आली. आपल्यासाठी २००९ मधे भारतीय तज्ज्ञांनी ती खाली आणली, २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठ. म्हणजे तू तसाही काठावरच आहेस, आयडी बरोबर घेतलायस :)
आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, या दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सेम. पण अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! दिसायला बारीक, आतून जाड. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं पण त्यांनी मोजली, सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ ची, आपली सगळ्या बाबतीत लहान पण चरबी मात्र त्या मानाने राखून. म्हणजे हे आपण जन्मापासून घेऊन येतो. तू टेप घे आणि पोट मोज. पँटचा नंबर सांगू नकोस, पँट आपण पोटाच्या खाली घालतो.

लॅबवाली:
मशीन चुकलं म्हणणाऱ्या वहिनींसाठी. रिपोर्टवरची रेंज बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते, म्हणजे २० मधला एक धडधाकट माणूस पण बाहेर पडतोच. पण एचबीएवनसीचं तसं नाही हं, ती रेघ आजाराच्या धोक्यावरून ठरवलीय. फक्त हिमोग्लोबिन किती आहे ते बघा. आयर्न कमी असेल तर एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं, रक्तपेशी लवकर फुटत असतील तर उलटं, कमी दिसतं. उपाशीपोटीची शुगर आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी, दोन्ही करून घ्या.

रोखठोक_नाना:
सगळं बरोबर, पण 'प्रत्येकाची प्रकृती वेगळी' म्हणत गोळ्या बंद करणारे मी घरातच पाहिलेत. आमच्या मेहुण्यांनी 'माझं बीपी मुळातच असंच असतं' म्हणत ६ वर्षं काढली, मग पॅरालिसिस. नॉर्म चुकीचा असेल तर दुसरा नीट नॉर्म शोधा, २५ च्या जागी २३ हा पण नॉर्मच आहे की.

काठावरचा_माणूस:
नाना, पटलं. शिवणाच्या डब्यातली टेप काढली, बायकोने शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरून मोजलं, आधी मी पोट आत ओढलं तर ओरडली. पँट ३२ ची, पोट ९३ सेमी. पुरुषांना ९० च्या आत हवं म्हणे. हिमोग्लोबिन १४.८, म्हणजे तो बहाणा पण गेला. ग्लुकोजची टेस्ट शनिवारी आहे. लॅबवाली ताई, ते ग्लुकोजचं पाणी लिंबू पिळून प्यायलं तर चालतं का, की नुसतंच गिळायचं?