परदेशात अमली पदार्थांचा कायदा मोडला तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

परदेशात कुणी गांजा-चरसच्या भानगडीत सापडलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "एवढ्याशा पुडीसाठी एवढी शिक्षा?" आणि दुसरं, "केलं ना, मग भोगा." दोन्ही बोलणारे बहुतेक घरी बसलेले असतात. मला बाकीच्यांकडून ऐकायचंय. स्वतः सापडलात, थोडक्यात वाचलात, कुणाला सोडवायला धावलात, काहीही चालेल. एकच अट: आपला वाटा किती होता ते आधी लिहा, पोलिसांचा आणि कायद्याचा नंतर. ओळख पटेल असे तपशील टाळा.

सुरुवात मी करतो. अ‍ॅमस्टरडॅमला चार दिवस होतो, तिथून सिंगापूरला कामासाठी जायचं होतं. कॉफीशॉपमध्ये गांजा मिळतो म्हणजे तो तिथे कायदेशीर आहे, अशी माझी पक्की समजूत. प्रत्यक्षात नेदरलँड्समध्ये पाच ग्रॅमपर्यंत काणाडोळा केला जातो, एवढंच. तेव्हा सिंगापूरच्या विमानात कागदी कार्ड भरायला देत. अमली पदार्थांच्या तस्करांना मृत्युदंड, असं त्यावर लाल अक्षरांत छापलेलं असे. ते भरायला पेन हवं म्हणून जॅकेटच्या आतल्या खिशात हात घातला आणि हाताला पेनाऐवजी अर्धवट ओढलेली गुंडाळी लागली.

त्या देशाचा कायदा मी नंतर वाचला. ५०० ग्रॅमहून जास्त गांजा किंवा १५ ग्रॅमहून जास्त शुद्ध हेरॉइनची तस्करी म्हणजे फाशी. माझ्याकडे चिमूटभर होतं, फाशीचा प्रश्न नव्हता. पण पदार्थ तुमच्या ताब्यात सापडला तर तो काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, असं कायदा धरून चालतो. ठाऊक नव्हतं हे सिद्ध करायचं तुम्ही. आणि मला तर ठाऊक होतंच!

गुंडाळी विमानाच्या संडासात गेली. हात चारदा धुतले. जॅकेटला वास असेल म्हणून ते मुद्दाम सीटवर सोडून उतरलो, तर हवाई सुंदरी धावत मागे आली, "सर, तुमचं जॅकेट." तेच घालून कस्टम्समधून बाहेर पडलो. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. हा किस्सा मी बरीच वर्षं हसवण्यासाठी सांगत आलो. आता सांगताना मध्येच थांबतो.

* * *

माझं प्रकरण औषधाचं आहे, चालेल ना? मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकवायला अडचण येते. मी राहते त्या देशात त्यावर अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजक औषधाच्या गोळ्या रीतसर मिळतात. जपानला निघाले होते. डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ डबी, सगळं व्यवस्थित. निघायच्या तीन दिवस आधी तिथे राहणारी मैत्रीण फोनवर सहज म्हणाली, "त्या गोळ्या आणू नकोस हं, पकडतील." मी तिच्याशी वाद घातला. चिठ्ठी आहे म्हटलं!

चिठ्ठीचा काही उपयोग नसतो. जपानमध्ये अ‍ॅम्फेटामिन आणायला पूर्ण बंदी आहे, ते कुणी लिहून दिलंय याला महत्त्व नाही. मॉर्फिनसारख्या औषधांसाठी निघण्याआधी तिथल्या खात्याची परवानगी घ्यावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यासुद्धा अडकतात, स्यूडोएफेड्रिन हे नाक मोकळं करणारं औषध १० टक्क्यांहून जास्त असेल तर. २०१५ मध्ये टोयोटाच्या एका वरिष्ठ अमेरिकन अधिकारी बाईंना ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या गोळ्या टपालाने मागवल्याबद्दल तिथे अटक झाली होती. खटला झाला नाही, पण जवळपास तीन आठवडे कोठडी आणि हातची नोकरी गेली. आरोपपत्राआधीच तिथे २३ दिवसांपर्यंत आत ठेवता येतं.

गोळ्या घरी ठेवून गेले. दोन आठवडे डोक्याचा भुगा. एकदा पासपोर्ट हॉटेलात विसरले, एकदा चुकीच्या गाडीत बसले. दूतावासाच्या पानावर हे सगळं आधीपासून लिहिलेलं होतं. मी हॉटेलच्या खोल्यांचे फोटो तासभर पाहिले होते, ते पान एकदाही उघडलं नव्हतं.

* * *

सामानाचं सांगतो. नात्यातल्या एका काकूंनी विमानतळावर निघायच्या तासभर आधी सेलोटेपने गच्च बांधलेलं खोकं आणून दिलं. "अरे, तिथे एक जण घ्यायला येईल, फक्त कपडे आणि औषधं आहेत." मी म्हटलं, उघडून बघतो. काकूंचा चेहरा उतरला. मी कात्री आणली. त्यांच्यासमोर, सगळ्यांसमोर, एकेक वस्तू बाहेर काढली. साड्या, एक शाल, मधुमेहाच्या गोळ्या. बस्स. त्या रडल्या. त्यानंतर तीन वर्षं आमच्याशी बोलल्या नाहीत आणि आईने मला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

हे करण्यामागे कारण होतं. २०१९ मध्ये एक भारतीय जोडपं कतारला उतरलं, त्यांच्या सामानात सुमारे चार किलो चरस सापडलं. सहल नात्यातल्या बाईंनी भेट म्हणून दिली होती आणि पाकीटही त्यांनीच. दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, मुलगी तुरुंगात जन्मली. २०२१ मध्ये निर्दोष ठरून ते परतले. ते खरंच निर्दोष होते आणि तरी जवळजवळ दोन वर्षं आत होते.

काकूंच्या जागी मी असतो तर मलाही लागलं असतं, हे कबूल. पण पुन्हा कुणी खोकं आणलं तर पुन्हा कात्री आणेन.

* * *

थोडं वेगळं. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, रस्तोरस्ती दुकानं लागली. जून २०२५ मध्ये पुन्हा नियम घट्ट झाले, आता वैद्यकीय कारण आणि चिठ्ठी हवी. तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेला मित्र "काही होत नाही रे" म्हणतो, तो त्याच्या सहलीबद्दल बोलत असतो, तुमच्या नाही. माझ्याकडे एवढंच.

* * *

मी दुभाषी आहे. अटक झालेल्या परदेशी लोकांसाठी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात भाषांतर करते. देश सांगत नाही.

पहिल्या तासात लोक काय बोलतात ते लिहिते. "माझ्या वकिलातीला फोन लावा, ते मला सोडवतील." वकिलात सोडवत नाही. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार, अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क असतो आणि तो हक्क आहे हे त्याला सांगावं लागतं. वकिलातीचा माणूस भेटायला येतो, वकिलांची यादी देतो, घरी निरोप पोचवतो. वकिलाची फी भरत नाही, कोर्टाला फोन करत नाही. आणि गंमत म्हणजे बरेच जण वकिलातीला कळवू नका म्हणतात, घरी कळेल म्हणून. एका मुलाने सलग पाच दिवस तसं सांगितलं. सहाव्या दिवशी आईचा नंबर स्वतःहून दिला.

दुसरं, कागदावर सही. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर लोक सही करून मोकळे होतात, "लवकर सोडतील" या आशेने. मी तिथे बसलेली असते आणि भाषांतर सोडून एक शब्द जास्त बोलायची मला परवानगी नसते. त्या क्षणी मला माझं काम नको होतं.

सगळेच निष्पाप नसतात. बहुतेक नसतातच. पण विमानतळावर जो सापडतो, तो बहुधा त्या साखळीतला सगळ्यात स्वस्त माणूस असतो.

* * *

मी बाप आहे, माझा अनुभव घडता घडता राहिला. मुलगा मित्रांबरोबर निघाला होता. पैसे कुठून आले याचं उत्तर धड देईना. मला बाली नाइन आठवले. २००५ मध्ये नऊ ऑस्ट्रेलियन तरुण आठ किलोंहून जास्त हेरॉइनसह इंडोनेशियात पकडले गेले. त्यातल्या एकाच्या वडिलांना शंका आली होती, मुलाला निघण्याआधीच कुणीतरी अडवावं म्हणून त्यांनी ओळखीच्या वकिलामार्फत पोलिसांपर्यंत निरोप पोचवला होता. त्याला कुणी अडवलं नाही. ऑस्ट्रेलियन पोलिसांनी टोळीची माहिती इंडोनेशियाला दिली. त्या मुलाला आधी जन्मठेप, मग मृत्युदंड, मग पुन्हा जन्मठेप. २०१५ मध्ये नऊपैकी दोघांना गोळ्या घालून मृत्युदंड दिला. तो मुलगा मायदेशी परतला डिसेंबर २०२४ मध्ये.

मी कुणाला फोन केला नाही. रात्री दोन वाजता मुलाच्या खोलीत जाऊन त्याची बॅग उपसली. काही नव्हतं. तो जागा होता आणि बघत होता. पैसे त्याने मोटरसायकल विकून आणले होते, मला सांगायचं नव्हतं म्हणून लपवलं.

* * *

तीन दिवस लिहू की नको करतोय. बेटावरची सहल, आम्ही दोघं मित्र. मीच म्हणालो घेऊ या. पैसे माझे, माणूस मी शोधला. पुडी त्याच्या पिशवीत होती कारण माझ्या अर्ध्या चड्डीला खिसा नव्हता. रात्री मुक्कामी झडती झाली. मी बाहेर पाणी आणायला गेलो होतो. परतलो तर दारात पोलीस. त्यांनी विचारलं, तू याच्याबरोबर आहेस का?

मी म्हणालो, नाही, शेजारच्या खोलीत.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. ठाण्यातही नाही बोलला. अकरा दिवस आत होता, मग दंड भरून त्याला देशाबाहेर काढलं. मी दुसऱ्या दिवशीच्या बोटीने निघालो होतो. त्याच्या घरी फोन मीच केला, "त्याला पकडलंय, मला काही माहीत नव्हतं" असं सांगितलं. ते अजून तेच धरून आहेत.

* * *

वरच्यांना: नंतर बोललात का त्याच्याशी?

* * *

नाही. दोन वर्षांनी त्याचा मेसेज आला होता, "तेव्हा खोलीत तुझी चप्पल राहिली होती, मी आणलीये." मी उत्तर लिहिलं आणि खोडलं. चप्पल अजून त्याच्याकडेच असेल.