बालाघाटातल्या बंद खदानीपर्यंत जिम्नी: टायरात हवा किती, गाडी कुठे लावावी?

मुरूमवाट: बीडकडच्या बालाघाट डोंगरात एक बंद पडलेली दगडाची खदान आहे. खाली काळ्या मातीतली पांदण, पुढे मुरमाचा खडा चढ, त्यावर क्रशरच्या काळातली सुटी गिट्टी आणि पावसाने पडलेल्या घळी. गाडी मारुतीची फोर-बाय-फोर जिम्नी, टायर कंपनीचेच. दिवाळीनंतर जायचंय. हवा किती ठेवावी आणि चढ कसा काढावा?

काळीमाती: भाऊ, चढाच्या आधी पांदण बघा. परतीचा पाऊस उघडला की मुरूम दोन-तीन दिवसांत गाडी पेलतो, काळ्या मातीला आठवडा-दहा दिवस लागतात. वरून भेगा पडलेल्या दिसल्या तरी खाली ओल तशीच असते. टाच दाबून बघा; दोन बोटं आत गेली तर गाडी गावातच ठेवा. कंपनीच्या टायरच्या खाचा त्या मातीने लगेच बुजतात आणि मग लो रेंजमध्येही (जास्त ताकदीच्या, संथ गिअरजोडीत) चाक जागीच फिरतं. शिवाय ट्रॅक्टरची चाकोरी जिम्नीपेक्षा रुंद असते, त्यामुळे एका बाजूची चाकं चाकोरीत आणि दुसरी मधल्या उंचवट्यावर, अशी गाडी कलते.

हवा 22 ते 24 पीएसआय. काहीजण 18 सांगतील, ते वाळूला ठीक. इथला काळा दगड, म्हणजे बसाल्ट, फुटला की त्याला धार येते. हवा कमी असली की टायरची बगल बाहेर फुगते आणि नेमकी तीच धारेवर घासते. बगलेला काप गेला तर पंक्चरची दोरी कामाची नाही, म्हणून स्टेपनीची हवा घरीच तपासा. कॉम्प्रेसर सोबत हवाच. डांबराला लागायच्या आधी हवा परत भरा.

घाटउतार: चढाच्या पायथ्याशी गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून फोर-एल (चारही चाकांना ताकद, लो रेंज) टाका. पहिला किंवा दुसरा गिअर, मध्ये बदलायचा नाही. घळ वाटेच्या लांबीने गेली असेल तर ती दोन चाकांच्या मधे घ्या. पोटाखाली 210 मिमी जागा आहे, पण घळीत चाक उतरलं की पहिले डिफरन्शियलच (धुऱ्यावरचा गिअरचा गोळा) टेकतं.

चढात गाडी बंद पडली तर न्यूट्रलमध्ये मागे सोडू नका आणि वळवायचा प्रयत्न तर अजिबात नको, आडवी झालेली गाडी उलटते. ब्रेक आणि क्लच दाबून ठेवा, इंजिन चालू करा, रिव्हर्स टाका, क्लच सोडता सोडताच हळूच ब्रेक सोडून सरळ मागे या.

उतरताना फोर-एल, पहिला गिअर, क्लचवर पाय नाही. जोरात ब्रेक मारला की टायरची पकड सुटते आणि गिट्टी छऱ्यांसारखी खालून सरकते. कडक जमिनीवर आलात की टू-एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) करा. जिम्नीला पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल नाही, फोर-एलमध्येच वळवलं तर ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो.

मुरूमवाट: धन्यवाद दादा. खदानीत पाणी आहे, काठाला गाडी लावली तर चालेल का?

काळीमाती: नाही. सुरुंगाने काठाच्या आतपर्यंत खडक तडकलेला असतो आणि वरचा मुरूम पुढे झुकलेला असतो. खदान जितकी खोल दिसते, निदान तितकं अंतर सोडून गाडी लावा, तोंड परतीच्या वाटेकडे. पाण्यात उतरू नका. कडा सरळ तुटलेल्या असतात, बाहेर यायला उतार सापडत नाही.

दगडात रंगीत बारीक वायरी दिसल्या तर हात लावू नका, न उडालेला डिटोनेटर (सुरुंग उडवणारी नळी) असू शकतो. मागे फिरा आणि पोलीस पाटलांना कळवा. आणि निघायच्या आधी तलाठ्याकडे गट नंबर विचारा. जमीन खाजगी असेल तर मालकाला विचारून, वनखात्याची असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय गाडी घालूच नका.