सीएनसी राउटरवर कापलेली जाळीदार खुर्ची मागच्या पायापाशी का तडकते?

प्रश्न:
१८ मिमी प्लायवूडमधून तीन अक्षांच्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या सूचनांनुसार फिरत्या कटरने कापणाऱ्या यंत्रावर) कापून, स्क्रूंशिवाय केवळ खाचांमध्ये बसवता येईल अशी खुर्ची मी रेखाटत आहे. तिच्या दोन्ही बाजूंना चतुराच्या पंखावरील नक्षीसारखी व्होरोनॉय जाळी (विखुरलेल्या बिंदूंभोवती पडणाऱ्या बहुकोनी कप्प्यांची जाळी) दिली आहे. मागे रेलून बसले की मागचा पाय बैठकीच्या पट्टीला मिळतो त्या कोपऱ्यातून तडा जातो. पट्ट्या रुंद केल्या तर जाळीचा हेतूच उरत नाही. निसर्गातील रचना एवढी काटकसरी असूनही ती येथे का टिकत नसावी?

उत्तर १:
आपण निसर्गाचे रूप घेतले आहे, नियम घेतलेला नाही. व्होरोनॉय जाळी बिंदूंमधील अंतरांवरून ठरते. भार कोठून कोठे वाहतो याच्याशी तिचा संबंध नसतो. डच डिझायनर योरिस लारमान यांच्या २००६ च्या ‘बोन चेअर’मध्ये नेमके उलटे घडले. ताण असेल तेथे हाड भरत जाते आणि नसेल तेथे झिजते, हे तत्त्व संगणकात चालवून, जेथे साहित्याचे काम नाही तेथून ते काढून टाकले गेले व उरलेला आकार अॅल्युमिनियममध्ये ओतला गेला. आपणही आधी बसणे आणि रेलणे असे दोन्ही भार देऊन टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन (भार न वाहणारे साहित्य संगणकाकरवी वगळत आकार शोधणे) करून पाहावे.

उत्तर २:
वरील सल्ल्यात एक भर घालतो. ओतीव धातूची ताकद सर्व दिशांना जवळपास सारखी असते, तर प्लायवूडचे थर एकमेकांना काटकोनात असल्यामुळे ४५ अंशांत कापलेल्या अरुंद पट्टीत एकाही थराचे तंतू तिच्या लांबीने धावत नाहीत. व्होरोनॉयमध्ये अशा तिरक्या पट्ट्याच अधिक असतात. सॉफ्टवेअरला साहित्याचे दिशानुसार गुणधर्म दिले नाहीत, तर उत्तर सुंदर दिसेल आणि तरीही तडकेल.

तडा मात्र कोपऱ्यातून सुरू होतो आहे, म्हणून सर्वप्रथम तोच सुधारावा. झाडाचे खोड मुळाला मिळते तेथील वळण अभ्यासून जर्मन संशोधक क्लाउस माथेक यांनी ताणत्रिकोणांची पद्धत मांडली. कोपऱ्यात ४५ अंशांची तिरपी रेघ काढावी, तिच्या मध्यापासून २२.५ अंशांची दुसरी आणि दुसरीच्या मध्यापासून ११.२५ अंशांची तिसरी रेघ काढून उरलेले कोन गोलसर करावेत. कागदावर पट्टीने जमणारे हे काम आहे, त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही.

प्रश्नकर्ता:
असे वळण दिल्यावर पट्टी खाचेत पूर्ण बसेल का? ६ मिमीच्या कटरमुळे खाचेच्या कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येचा गोलावा आधीच उरतो.

उत्तर २:
वळण बाहेरच्या कडेला द्यावे, खाचेला नाही. खाचेच्या आतील कोपऱ्यांत नेहमीप्रमाणे डॉगबोन (पट्टीचा चौकोनी कोपरा पूर्ण बसावा म्हणून कोपऱ्यात थोडे जास्त कापलेले गोल छिद्र) ठेवावा. फक्त तो पायाच्या ताण येणाऱ्या कडेपासून शक्य तितका दूर असावा, कारण तेथे काढलेले प्रत्येक छिद्र नव्या तड्याला जागा देते.