देपालपूर भागातील लहान प्राथमिक शाळेला एक पक्की खोली वाढवायची आहे: पाया, छत आणि परवानगी याविषयी सल्ला हवा

शिक्षककन्या (इंदूर)

माझे वडील इंदूरहून देपालपूरकडे जाताना लागणाऱ्या एका लहान गावातील शासकीय प्राथमिक शाळेत अकरा वर्षे शिक्षक होते. त्यांच्या मागे राहिलेल्या ठेवीतून त्या शाळेला एक पक्की खोली बांधून द्यावी, असे आम्ही तिघा भावंडांनी ठरवले आहे. शाळेत पहिली ते पाचवीची ४७ मुले आणि दोन शिक्षिका आहेत, खोली मात्र एकच. पहिली-दुसरीची मुले ओसरीवर बसतात आणि पावसाची झड आली की त्यांना आत घेऊन, एकाच फळ्यावर मधोमध खडूची रेघ ओढून दोन्ही बाई दोन्हीकडे शिकवतात.

जमीन काळी आहे. जुन्या खोलीच्या नैऋत्य कोपऱ्यात खिडकीपासून जोत्यापर्यंत तिरपी भेग गेली असून पाचवीतल्या एका मुलीने त्या भेगेत पाटीवरची पेन्सिल उभी घालून मला दाखवली. आमच्याजवळ सहा लाख रुपये आहेत आणि त्यात वाढ होणार नाही. छत स्लॅबचे असावे की पत्र्याचे, खोली जुन्या भिंतीला लागून घ्यावी की वेगळी, आणि काम ठेकेदाराला द्यावे की शाळेच्या समितीमार्फत करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

विजयनगर_५४

ताई, आपला विचार फार चांगला आहे. मी दोन वर्षांपूर्वीच घर बांधले आहे, म्हणून सांगतो: एकदाच करायचे तर नीट करावे. खोली २० बाय २४ फुटांपेक्षा लहान घेऊ नका, स्लॅब असा टाका की उद्या वर दुसरा मजला चढवता येईल, आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल्स बसवा, कारण त्या पुसायला सोप्या जातात. मला सर्व मिळून चौरस फुटाला दोन हजारांच्या वर खर्च आला, पण आज घरात कोठेही ओल नाही. दहा-बारा लाखांची तयारी ठेवल्यास काम उत्तम होईल.

शिक्षककन्या

आभारी आहे. मात्र रक्कम सहा लाखच आहे.

गोदामवाला_सांवेर

सहा लाखांत स्लॅबच्या नादी लागूच नये. माझ्या शेतातील गोदाम लोखंडी कैच्यांवर (छताच्या त्रिकोणी सांगाड्यांवर) रंगीत पत्रे घालून पंचवीस दिवसांत उभे राहिले आणि गेल्या सहा पावसाळ्यांत एकदाही गळले नाही. पत्र्यांना वजन नसल्यामुळे पायासुद्धा हलका चालतो. उरलेल्या पैशांत पंखे, बाके आणि पाण्याची टाकी येईल.

निवृत्त_मुख्याध्यापिका

पत्र्याला माझा ठाम विरोध आहे. मी नोकरीची सात वर्षे पत्र्याच्या खोलीत शिकवले आहे. जुलैत पाऊस धरला की पहिल्या बाकावरच्या मुलालाही माझा शब्द ऐकू येत नसे. मी फळ्यावर लिहीत असे आणि मुले उतरवून घेत असत. पहिलीच्या ज्या मुलांना अजून वाचता येत नव्हते, ती नुसती माझ्या तोंडाकडे पाहत बसत. एप्रिलमध्ये अकरा वाजल्यानंतर त्याच खोलीत मुलांच्या मानेवरून घामाचे ओघळ वहीवर पडत. गोदामातल्या धान्याला ऐकायचे नसते, मुलांना असते. कृपया या अनुभवाचा विचार व्हावा.

गोदामवाला_सांवेर

बाई, आपला आदर राखून सांगतो की आता पत्र्याखाली उष्णतारोधक थर लावता येतो आणि त्याने आवाजही बराच कमी होतो. मी स्वतः तो लावलेला नाही, परंतु पाहिला आहे.

ग्वाल्हेरकर

आमच्याकडे या दोन्हींची गरज पडत नाही. ग्वाल्हेर भागात वालुकाश्माच्या लांब पटिया लोखंडी गर्डरवर आडव्या टाकून वर चुन्याचा किंवा सिमेंटचा थर देतात. शहराच्या लष्कर भागातील आमच्या घराचे छत माझ्या आजोबांच्या वेळचे आहे. सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा) लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी छतावर उभे राहता येते. आपण पटियांची चौकशी अवश्य करावी.

विजयनगर_५४

ग्वाल्हेरहून देपालपूरपर्यंत दगड आणण्याचे भाडेच किती होईल, याचा विचार करावा. स्लॅबच योग्य आहे.

ग्वाल्हेरकर

भाडे लागेल हे मान्य आहे, पण पटियांच्या छताला कमी लेखू नये.

जोते_आणि_भराव (महू)

मी बांधकाम खात्यातून उपयंत्री (कनिष्ठ अभियंता) म्हणून निवृत्त झालो असून माझी सर्व नोकरी माळव्याच्या काळ्या मातीत गेली आहे. वरील सर्व चर्चा छताची चालली आहे, परंतु ताईंनी लिहिलेली पेन्सिलीएवढी भेग छतामुळे पडलेली नाही. ती पायामुळे पडली आहे आणि नवी खोली तशाच पायावर उभी केली तर छत कोणतेही असो, पाच-सात वर्षांत तीच भेग पुन्हा दिसेल. आपली माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यातील चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात जाऊन पाहावे, भेगांमध्ये हात कोपरापर्यंत जातो. जी जमीन दरवर्षी अशी वर-खाली होते, तिच्यावर तीन फुटांचा उथळ पाया भिंतीला स्थिर ठेवू शकत नाही. पत्र्याला हलका पाया चालतो, हे विधान तर या मातीत उलटे लागू होते, कारण फुगणाऱ्या मातीला हलकी इमारत उचलणे अधिक सोपे जाते.

यासाठी पहिला खर्च असा करावा की जागेच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत माणसांकडून खड्डे खोदून घ्यावेत. साडेचार-पाच फुटांवर पक्का मुरूम लागला तर सर्व काळी माती काढून पाया थेट मुरुमावर बसवावा. तो सर्वांत स्वस्त मार्ग होय. मुरूम खोल असेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, घ्यावेत. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी रूढ केली. हाताने फिरवायच्या गिरमिटाने साधारण साडेतीन मीटर खोल भोक पाडायचे, तळाजवळ खास हत्याराने ते भोकाच्या सुमारे अडीचपट रुंद करायचे, आणि सळया सोडून काँक्रीट भरायचे. खाली कंदासारखा फुगवटा होतो आणि तो इतका खोल असतो की तेथे ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. पाइलांच्या डोक्यावरून जोत्याची तुळई फिरवायची, पण तिच्या खाली निदान ८० मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी तुळई उचलली जाणार नाही. ही मोकळी जागा मिस्तरी हमखास मातीने बुजवतात. त्या दिवशी स्वतः उभे राहावे.

जोत्यातील भराव मुरुमाचाच घ्यावा. खोदलेली काळी माती फुकट मिळते म्हणून आत ढकलली, तर फरशी पहिल्याच पावसाळ्यात उचलते. चारही बाजूंनी तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेली काँक्रीटची पट्टी द्यावी आणि छताचे पाणी त्या पट्टीच्याही पलीकडे सोडावे.

राऊ_रंगवासा

आधी लिहिले गेले आहेच, तरीही सांगतो की पत्रे घेऊ नयेत, स्लॅबच घ्यावा. शिवाय जुन्या खोलीला लागून बांधल्यास एक भिंत वाचते, म्हणजे तीस-चाळीस हजार रुपये सहज वाचतील. आमच्या घराचा मागचा भाग आम्ही असाच जोडून घेतला आहे.

जोते_आणि_भराव

येथे तसे करू नये. जुनी खोली उथळ पायावर असल्यामुळे ती दरवर्षी हलणार आणि नवी खोली पाइलवर असल्यामुळे स्थिर राहणार. दोन्ही एकमेकींना बांधल्या तर जोडावर भेग पडणार आणि तेथूनच पाणी आत येणार. मध्ये चार-पाच फुटांची वाट सोडावी. नवी भिंत पिंपळ, वड किंवा निलगिरीपासूनही दूर असावी, कारण मोठी झाडे मातीतले पाणी ओढतात आणि त्या बाजूची जमीन अधिक आकसते.

राऊ_रंगवासा

आमच्या घराला अजून भेग पडलेली नाही, एवढेच नम्रपणे नोंदवतो.

अनुभव_कटू_आहे

पाया आणि छत यांच्याआधी कागद पाहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या कुटुंबाने नऊ वर्षांपूर्वी एका गावातल्या शाळेला खोली बांधून दिली. सर्व व्यवहार तोंडी झाला. पुढे मोजणी झाली तेव्हा खोलीचा अर्धा भाग शाळेच्या जागेबाहेर निघाला आणि शाळेच्या नोंदीत ती खोली कधी चढलीच नाही. आज तिथे खताच्या गोण्या ठेवलेल्या आहेत. माझ्या आईने त्या खोलीच्या भूमिपूजनाला स्वतःच्या हाताने नारळ फोडला होता. ती अजून विचारते की मुले किती बसतात, आणि आम्ही विषय बदलतो. पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) खसरा-नकाशा, म्हणजे जमिनीच्या हद्दींचा नकाशा, घेऊन खुणा गाडल्याशिवाय एक वीटही आणू नये.

निवृत्त_मुख्याध्यापिका

वरील मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे. शासकीय शाळेत बाहेरच्या व्यक्तीने बांधायचे असल्यास शाला प्रबंधन समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचे पत्र आणि जिल्हा शिक्षण केंद्राची लेखी संमती, ही तिन्ही कागदपत्रे हातात असावीत. नकाशाही तेथील उपयंत्र्यांना दाखवावा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात, म्हणून ठराव मुख्याध्यापकांच्या सहीपुरता न ठेवता भरलेल्या सभेत व्हावा. ज्या आयांनी ठराव केला असेल, त्याच पुढे सिमेंटच्या गोण्या मोजतात, हे मी पाहिले आहे. शासकीय शाळांना मदत करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचे विद्यांजली हे पोर्टलही आहे; तेथे नोंद केल्यास आपल्या देणगीचा लेखी माग राहील.

बडोदेकर_गृहिणी

आमच्या बडोद्याकडेही काळी माती आहे, त्यामुळे महूच्या काकांचे म्हणणे पूर्णपणे पटले. मला मुलांच्या सुरक्षिततेविषयी लिहायचे आहे. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप झाला तेव्हा भुजपासून इतक्या दूर आमची चाळही हलली. त्यानंतर घर दुरुस्त करताना इंजिनियरांनी जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली, असे काँक्रीटचे तीन अखंड पट्टे घ्यायला लावले. विटांच्या खोलीला हे पट्टे पेटीला बांधलेल्या दोरीसारखे धरून ठेवतात आणि त्यांचा खर्च फार नसतो.

दुसरे असे की खोलीला दोन दारे ठेवावीत आणि ती बाहेर उघडणारी असावीत. २००४ च्या जुलैमध्ये तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून ९४ मुले गेली, ती बातमी मी विसरू शकलेले नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतारही आताच करावा. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणून दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट जागा नकाशातच धरावी. नंतर ती सापडत नाही.

विजयनगर_५४

दोन दारांमुळे बाके लावायला भिंत उरणार नाही. म्हणूनच मी २० बाय २४ म्हणत होतो.

सांवेर_रोड_ठेकेदार

मी स्वतः ठेकेदार आहे, म्हणून धंद्यातली गोष्ट स्पष्ट लिहितो. एकरकमी ठेका देऊ नका. सामान तुम्ही घ्या आणि मजुरी चौरस फुटावर ठरवा. स्लॅबच्या दिवशी गिट्टी, रेती आणि सिमेंट मापाच्या पेटीने मोजून घ्या, कारण घाईत पाणी वाढवले जाते आणि छत तेथेच कमजोर होते. सोळा फुटांचा गाळा (दोन भिंतींमधले अंतर) असेल तर टेकू निदान चौदा दिवस काढू देऊ नका. स्लॅबवर वाफे बांधून चौदा दिवस पाणी उभे ठेवा; ते काम गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाला रोजाने द्या. ठेकेदाराचा माणूस चौथ्या दिवसापासून दिसत नाही, हे ठेकेदार असूनही मान्य करतो.

राऊ_रंगवासा

मग आता उशीर करू नये. पावसाळ्याआधी पाया तरी उरकून घ्यावा.

गोदामवाला_सांवेर

हे मात्र बरोबर आहे, भाव दरवर्षी वाढतात. आणि जुन्या खोलीचेही पाहावे. २५ जुलै २०२५ रोजी आपल्या सीमेपलीकडे राजस्थानात झालावाडमधील पिपलोदीच्या शाळेचे छत कोसळून सात मुले गेली. नवीन खोली होईल, पण मुले भेगाळलेल्या खोलीतही बसणारच आहेत.

शिक्षककन्या

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मधल्या काळात काय झाले आणि काय ठरले, ते कळवते.

महूच्या काकांच्या सांगण्यावरून दोन खड्डे घेतले. रस्त्याकडील कोपऱ्यात पाच फुटांवर पिवळा मुरूम लागला, पण विहिरीकडील कोपऱ्यात आठ फुटांपर्यंत काळीच माती निघाली. कुदळीने फुटलेल्या ढेकळांच्या बाजू साबण घासल्यासारख्या चकचकीत होत्या. इंजिनियरांनी नऊ पाइल सांगितले आहेत. समितीचा ठराव झाला असून सभेला एकवीस आया आल्या होत्या. पटवाऱ्यांनी खुणा करून दिल्या आहेत आणि जिल्ह्याच्या संमतीची वाट पाहत आहोत. जुन्या खोलीची पाहणी त्याच उपयंत्र्यांकडून करून घेणार आहोत. तोपर्यंत भेगेच्या बाजूची बाके हलवून मुलांना दुसऱ्या भिंतीकडे बसवले आहे.

बहुतेकांनी मोठी खोली आणि लगेच सुरुवात सुचवली. आम्ही या दोन्ही गोष्टी करत नाही आहोत. खोली १६ बाय २० फुटांचीच घेतो. दोन खोल्यांत ४७ मुले विभागली तर प्रत्येकीत फार तर चोवीस मुले होतात आणि तेवढी जागा त्यांना पुरते, हे मी जमिनीवर चुन्याने आखून, चोवीस मुलांना प्रत्यक्ष बसवून पाहिले. जुन्या भिंतीपासून पाच फूट सोडले आहेत. छत स्लॅबचे, पट्टे तिन्ही, दारे दोन. टाइल्स, आतला गिलावा आणि दुसऱ्या मजल्याची तरतूद गाळली आहे. विटा उघड्याच राहतील आणि खाली सिमेंटचा कोबा असेल. ओसरीवर पत्रे घालू, कारण तेथे कोणी शिकवणार नाही. काम दिवाळीनंतर सुरू करू, म्हणजे पाइल घेताना भोकात पावसाचे पाणी नसेल आणि स्लॅबला थंडीचे दिवस मिळतील. माझ्या भावाला हा उशीर मान्य नव्हता. भाव वाढले तर ओसरी पुढच्या वर्षी करू, पण पायातले पाइल कमी करणार नाही, यावर तो तयार झाला.

जोते_आणि_भराव

निर्णय योग्य आहे. तुळईखालच्या मोकळ्या जागेचे छायाचित्र भराव टाकण्यापूर्वी काढून ठेवावे. पाइलच्या दिवशी मी महूहून येईन.

विजयनगर_५४

खोली लहान होते आहे, असे मला अजूनही वाटते. तरी दोन पंखे माझ्याकडून स्वीकारावेत.

शिक्षककन्या

काका, आपण आलात तर आम्हाला फार धीर येईल. पंखे आनंदाने स्वीकारतो. तळाचा फुगवटा कापण्याचे हत्यार असलेला आणि हाताने भोके घेणारा कारागीर बेटमा, हातोद किंवा देपालपूरच्या बाजूला कोणाच्या माहितीत असल्यास कृपया येथेच कळवावे. इंदूरमध्ये विचारलेल्या तिघांकडे केवळ सरळ भोक पाडण्याचे यंत्र आहे.